आमच्या घरातील उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द हल्ली निवडणुकीच्या दिवसांत जितका कानी पडतो तितका एरवी पडत नाही, आणि त्यामुळे त्याचा जुना अर्थ आपण जवळजवळ विसरून गेलो आहो. उमेद म्हणजे आशा. पुढेमागे जागा मिळेल ह्या आशेवर जो आज बिनपगारी राबतो तो उमेदवार. आपल्या समाजातील किती घराण्यांच्या नोकरीपेशाचा आरंभ अशा उमेदवारीने झाला असेल ह्याची गणती नाही. कचेरीत जाऊन कोपऱ्यात बसावे, थोरल्या कारकुनांस नकला करून द्याव्या, त्यांच्या दौती भराव्या, आणि कोणी पेन्शनीत निघाले म्हणजे त्या जागी आपली वर्णी लागते का ह्याची वाट पाहावी, असा तो क्रम असे. माझ्या आजेसासऱ्यांनी मामलेदार कचेरीत अशी पावणेदोन वर्षे काढली, असे सासूबाई सांगतात. त्या काळात त्यांस एक पैसाही मिळाला नाही. परंतु त्याची कोणास लाज वाटली असेही ऐकिवात नाही.

पुढे कारखान्यांत हुन्नर शिकणाऱ्या मुलांस मराठीत नाव देण्याची वेळ आली तेव्हा सरकारने हाच शब्द उचलला आणि त्यामागे ‘शिकाऊ’ हे विशेषण लावून दिले. हे विशेषण ज्याने कोणी योजिले त्याने मोठेच काम करून ठेविले आहे, कारण ह्या विषयातील सारा तंटा त्या एका शब्दात साठविलेला आहे. मुलगा शिकावयास गेला आहे की राबावयास?

ह्या प्रश्नाशी माझा संबंध दुहेरी आहे. सत्तावीस वर्षे मी एका सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर, टर्नर, मशिनिस्ट अशा वर्गांस गणित शिकविले. त्या काळात घरी माझ्या कामाचे कौतुकच होते. पाहुणे आले म्हणजे ‘आमच्या वहिनी गोरगरिबांच्या मुलांस धंद्याला लावतात’ असे माझे धाकटे दीर अभिमानाने सांगत. पुढे २०२१ साली त्याच भावजींच्या मुलाने बारावी झाल्यावर इंजिनियरिंगचे नाव टाकून ‘टूल अँड डाय मेकर’ ह्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी आमच्याच प्रकारच्या संस्थेत अर्ज केला, तेव्हा मात्र घरात जी शांतता पसरली ती मी आजवर कधी अनुभविली नव्हती.

“वहिनी, तुम्हीच त्याला समजवा, तुमचे तो ऐकतो,” भावजी म्हणाले.

“भावजी, मी त्याला काय सांगू? लोकांच्या मुलांस इतकी वर्षे जे सांगितले त्याच्या उलट?”

ते काही बोलले नाहीत. जाऊबाईंनी डोळ्यांस पदर लावला. अखेर सासूबाईच म्हणाल्या, “अरे, तुझ्या आजोबांनी पावणेदोन वर्षे फुकट दौती भरल्या. ह्याला तर महिन्याचे महिन्यास पैसे देणार म्हणतात. मग रडता कशाला?” त्यांचा युक्तिवाद शास्त्रशुद्ध नव्हता, पण घरात तोच चालला.

आपल्याकडे हुन्नर शिकण्याविषयी जी एक कमीपणाची भावना आहे तिची मुळे कायद्याच्या पुस्तकातही सापडतात. ह्या देशात शिकाऊ उमेदवारीचा पहिला कायदा १८५० साली, कंपनी सरकारच्या अमदानीत झाला. दहा ते अठरा वर्षांच्या मुलास बापाने किंवा पालकाने एखाद्या धंद्यास बांधून द्यावे, मुदत सात वर्षांहून अधिक नसावी, मुलगा एकवीस वर्षांचा झाला की ती संपावी, आणि मुलगी असल्यास तिच्या लग्नाबरोबर संपावी, अशी त्यात व्यवस्था होती. कायद्याचा मुख्य रोख अनाथ आणि धर्मादायावर वाढलेल्या मुलांवर होता. ज्याला कोणी नाही त्याच्या हाताला काम द्या, असा त्याचा सरळ अर्थ. आणि हाच कायदा १९६१ सालचा नवा कायदा होईपर्यंत पुस्तकात राहिला. मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ साली निघाली, बडोद्यास सयाजीरावांच्या आश्रयाने प्रोफेसर गज्जर ह्यांनी १८९० साली कलाभवन काढले, लक्ष्मणराव किर्लोस्करांसारख्या गृहस्थाने मास्तरकी सोडून सायकलींचे दुकान व मग नांगरांचा कारखाना घातला, ह्या गोष्टी आपण भाषणांत पुष्कळ सांगतो. भाषण संपल्यावर आपण मुलास कोठे घालतो, हा प्रश्न निराळा.

१९६१ च्या कायद्याने चित्र बदलले. ठरलेल्या धंद्यांत ठराविक प्रमाणात शिकाऊ घेणे कारखानदारांवर बंधनकारक झाले. न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही होती, ती २०१४ साली काढून टाकण्यात आली. शिकाऊ हा कामगार नव्हे, विद्यार्थी होय, असे कायदा स्पष्ट म्हणतो; सबब कामगारांचे कायदे त्यास लागू नाहीत, प्रॉव्हिडंट फंड नाही, बोनस नाही. मुदत संपल्यावर त्यास नोकरी दिलीच पाहिजे असेही नाही. ह्या तरतुदीमागचा हेतू वाईट नाही. विद्यार्थ्याकडून कामगाराइतके काम घेऊ नये, आणि कारखानदारासही शिकविण्याचे ओझे वाटू नये, असा तो असावा. परंतु जो विद्यार्थी आहे म्हणून स्वस्त पडतो त्याला कामगार म्हणून वापरण्याचा मोह किती जणांस आवरेल?

कैदेचे भय असूनही जागा भरत नव्हत्या. २०१४ साली कायदा दुरुस्त होत असताना सरकारनेच सांगितले की ४ लाख ९० हजार जागांपैकी २ लाख ८२ हजार जागांवरच शिकाऊ आहेत. म्हणजे शंभरांतील बेचाळीस जागा रिकाम्या. नंतर २०१६ साली राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना निघाली. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार देऊ लागले, आणि २०२० पर्यंत पन्नास लाखांचा आकडा गाठावयाचा असे ठरले. तो गाठला गेला नाही. मग २०१९ साली नियम सुधारले: तीस किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावे, चार ते एकोणतीस माणसे असलेल्यांनी इच्छा असल्यास घ्यावे, किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० रुपये असावे. आमच्यासारख्या संस्थेतून प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलास ह्या नियमाने ७,००० रुपये ठरले. त्यानंतर भरतीचे आकडे पुष्कळ चढले.

आणि येथेच माझ्यातील गणिताची मास्तरीण अस्वस्थ होते. पंगतीत पाने किती मांडली हे यजमान मोठ्याने सांगतो. पोट भरून किती जण उठले हे वाढणाऱ्यास विचारावे लागते. आपल्याकडील जाहिराती, समारंभ, अभिनंदनाचे फलक सारे पहिल्या आकड्याचे. दुसरा आकडा, म्हणजे ज्यांनी मुदत पुरी करून परीक्षा दिली आणि जे उत्तीर्ण झाले त्यांचा, शोधावयास गेले तर चष्मा पुसून बसावे लागते.

ह्याबाबतीत इंग्लंडचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तेथे सर्व उत्तम चालले आहे म्हणून नव्हे, तर तेथे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापतात म्हणून. ज्या देशात १५६३ सालच्या कायद्याने सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती तेथे आज दर वर्षी प्रवेश किती व पूर्तता किती हे जाहीर होते. २०१७ च्या एप्रिलपासून तेथे मोठ्या धन्यांवर पगारखर्चाच्या अर्धा टक्का कर बसविण्यात आला. त्या पैशातून शिकाऊ तयार करावे, ही कल्पना. परिणाम असा झाला की २०१६-१७ साली सुमारे ४ लाख ९५ हजार प्रवेश होते ते पुढच्याच वर्षी ३ लाख ७६ हजारांवर आले. त्यांतही एकोणीस वर्षांखालील मुलांचे प्रवेश पाच-सहा वर्षांत सुमारे १ लाख २३ हजारांवरून ७८ हजारांच्या आसपास उतरले. कराचा पैसा वसूल करण्यासाठी धन्यांनी आधीच नोकरीत असलेल्या मोठ्या माणसांस वरच्या पायऱ्यांच्या अभ्यासक्रमांत बसविले. आणि पूर्ततेचे प्रमाण? २०२२-२३ साली शंभरांत चौपन्न. उरलेले सेहेचाळीस निघून गेले किंवा परीक्षेपर्यंत पोचले नाहीत. हा आकडा छापताना तेथील सरकारास आनंद झाला नसेल. पण छापल्यामुळे ‘हे का?’ असे विचारण्याची सोय झाली.

आमच्या संस्थेत मी एक वही ठेवीत असे. सरकारी नव्हे, माझी स्वतःची. कोणता मुलगा कोठे शिकाऊ म्हणून लागला हे पहिल्या रकान्यात, मुदत पुरी केली की नाही हे दुसऱ्यात, आणि न केली तर का, हे तिसऱ्यात. तिसरा रकाना मुले भेटावयास येत तेव्हा भरला जाई. घरची अडचण, बाप आजारी, शेतीचा हंगाम, ही कारणे होती. विद्यावेतनात शहरातील खोलीचे भाडे व खाणावळ निघत नाही, हे कारण फार वेळा असे. ह्याच शहरात ठेकेदाराकडे ओझी उचलली तर जास्त मिळतात, मग तेथे का जाऊ नये, असे एकाने मला विचारले तेव्हा मला चटकन उत्तर देता आले नाही. मुलींची कारणे निराळी. कारखाना शिकवावयास तयार, मुलगी शिकावयास तयार, आणि मध्ये बस नाही. कधी स्वच्छतागृह नाही. एका मुलीने लेथवर इतके सुंदर काम केले होते की तिच्या मास्तरांनी तो जॉब कपाटात ठेवून दिला होता. तिची उमेदवारी पाच आठवड्यांत संपली, कारण संध्याकाळची गाडी चुकली की घरी पोचावयास दहा वाजत.

पण ह्या सर्वांहून अधिक वेळा एकच वाक्य त्या रकान्यात पडे: ‘तेथे काही शिकवीत नाहीत.’

हे वाक्य मी पुष्कळदा लिहिले. त्याचा खरा अर्थ आमच्या घरी कळला. आमच्या मुलाने २०२३ साली संस्थेचा अभ्यासक्रम चांगल्या गुणांनी पुरा केला आणि एका नामांकित कारखान्यात त्यास वर्षाच्या उमेदवारीसाठी घेतले. नाव ऐकताच भावजींचा चेहरा उजळला. कारखान्याचे नाव सांगता येण्यासारखे असले म्हणजे आपल्या मंडळींस मुलगा तेथे काय करतो हे सांगावे लागत नाही, हा एक मोठा लाभ असतो. पहिल्या पगाराचे, नव्हे विद्यावेतनाचे, पेढे आले.

चार महिने तो रोज पट्ट्यापाशी उभा राहिला. समोरून खोकी येत. खोक्यावर झाकण बसवावयाचे, चिकटपट्टी मारावयाची, पुढे ढकलावयाचे. जे टूलरूम शिकण्यासाठी तो गेला होता त्याच्या दारात तो दोनदा गेला, दोन्ही वेळा निरोप घेऊन. शिकाऊ मुलाने रोज काय शिकले ह्याची नोंदवही ठेवावयाची असते. ती आठवड्याच्या शेवटी कार्यालयातील एक गृहस्थ सर्वांसाठी एकाच मजकुराने भरून टाकीत. “काकू,” तो मला म्हणाला, “माझ्या वहीत लिहिले आहे की मी ग्राइंडिंग शिकलो. ते मशीन कोणत्या बाजूस सुरू होते तेही मला माहीत नाही. तुझ्या वहीत काय लिहिशील?”

पाचव्या महिन्यात तो घरी निघून आला. “सोडून आला,” भावजी म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत त्यांची दोन वर्षांची सारी भीती उतरली होती. त्यांचा राग कारखान्यावर नव्हता, मुलावर होता; एवढे मोठे नाव, आणि ह्याला टिकता आले नाही! शिवाय करारावर पालक म्हणून त्यांची सही होती. कायदा असा आहे की करार मुलाच्या कसुरीने मोडला तर शिक्षणाचा ठरीव खर्च त्याने किंवा त्याच्या पालकाने भरून द्यावा. आणि धन्याच्या कसुरीने मोडला तर धन्याने मुलास भरपाई द्यावी. कसूर कोणाची हे ठरविणार कोण? त्या रात्री करार, नियम आणि ती नोंदवही समोर घेऊन आम्ही तिघे बसलो. सरकारी सल्लागाराकडे रीतसर अर्ज गेला, दोन हेलपाटे झाले, आणि करार कोणासही दंड न होता मिटला. भरपाईही कोणास मिळाली नाही. पुढे पूर्ततेचा हिशेब कोणी केलाच, तर आमचा मुलगा मध्येच सोडून गेलेल्यांत मोजला जाईल. तो आकडा पाहून कोणी विद्वान गृहस्थ ‘हल्लीच्या तरुणांत चिकाटी नाही’ असे लिहील, अशी मला दाट शंका आहे.

सोडून जाणे म्हणजे नापास होणे, ही समजूत जर्मनीचे आकडे पाहिले म्हणजे डळमळते. हुन्नरशिक्षणाचा आदर्श म्हणून ज्या देशाकडे सारे जग बोट दाखविते तेथेही अलीकडच्या वर्षांत दर चार करारांतील एकाहून अधिक करार मुदतीपूर्वीच मोडले आहेत. २०२२ साली हे प्रमाण शंभरांत एकोणतीसच्या वर गेले. परंतु करार मोडणाऱ्यांतील पुष्कळ जण दुसऱ्या धन्याकडे किंवा दुसऱ्या धंद्यात पुन्हा करार करतात, आणि जे अखेरच्या परीक्षेस बसतात त्यांतील दहांपैकी नऊ उत्तीर्ण होतात. ती परीक्षा धनी घेत नाही, व्यापारी व कारागीर मंडळे घेतात. माझ्या मते त्याहूनही महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. तेथे १९७२ साली असा नियम झाला की जो शिकाऊ मुलांस शिकविणार त्याने स्वतः शिकविण्याची परीक्षा द्यावी. उत्तम कारागीर असणे पुरेसे नाही. मुलास कोणती गोष्ट आधी द्यावी, कोणती मागून, चूक कशी दाखवावी, हेही त्यास आले पाहिजे. मास्तरांची परीक्षा घेणारा देश पाहून मला, साहजिकच, थोडा दरारा वाटला.

आमच्या मुलास शिकविणारा सापडला तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात. माणसे एकंदर अकरा. म्हणजे कायद्याने ज्यांच्यावर सक्ती नाही अशांपैकी. मालक स्वतःच मिस्त्री, वय साठीच्या पुढे, बोलणे तुटक. पाटी इतकी लहान की मी भेटावयास गेले तेव्हा गल्लीत दोनदा पुढे निघून गेले. आत गेल्यावर मुलगा दिसला तो व्हाईसपाशी, हातात कानस. महिनाभर दुसरे काही दिले नाही म्हणाला. लोखंडाचा ठोकळा सपाट करावयाचा, मिस्त्रींनी गुण्या लावून उजेडाकडे धरावयाचा, फटीतून उजेड दिसला की काही न बोलता परत द्यावयाचा. संस्थेत हे सारे झाले होते, असे त्याने पहिल्या दिवशी सांगितले होते. मिस्त्री म्हणाले, “झाले होते, आले नव्हते.”

दुसऱ्या महिन्यात डायचे काम आले. पत्र्याला भोक पाडणारा पंच आणि खालची डाय ह्यांच्यात किती फट ठेवावयाची, ह्यावर सारे काम अवलंबून असते. एक मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्यास प्रत्येक बाजूस सुमारे पाच शतांश मिलिमीटर. फट कमी झाली तर पंच लवकर झिजतो, अधिक झाली तर कडेला करवतीसारखी धार राहते. मिस्त्रींनी ते त्यास सांगितले नाही. बिघडलेली भोके समोर टाकली आणि “का?” म्हणून विचारले. दुसऱ्या दिवशी पुन्हा “का?” तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहास मला फोन आला. “काकू, जाडी दीडपट झाली तर फटही त्याच प्रमाणात वाढवायची ना?” मी म्हटले, “तूच मांड आणि सांग.” सत्तावीस वर्षे मी त्रैराशिक शिकविले, पण रात्री साडेदहास कोणी ते मला आपण होऊन विचारले नव्हते.

ह्या कारखान्यात घड्याळाकडे पाहून सुटी होत नाही, वारा येत नाही, आणि मिस्त्रींच्या जिभेचे वर्णन येथे करता येणार नाही. विद्यावेतन तेवढेच, सात हजार. तीन हजार रुपये घरून जात, आणि हे पैसे भावजी दर महिन्याच्या पहिल्या तारखेस न सांगता पाठवीत, हे मला जाऊबाईंकडून फार मागून कळले. शिकाऊस राहत्या घराबाहेर जावे लागते तेव्हा त्याच्या शिक्षणाचा काही भार घरच पेलते. आमच्या घरास ते झेपले. माझ्या वहीतील मुलांच्या घरांस झेपत नव्हते.

अलीकडे ओळखीची मंडळी सल्ला विचारावयास येतात. कंपनी मोठी आहे ना, पुढे कायम करतात ना, हे त्यांचे प्रश्न ठरलेले. मी त्यांस उलट विचारते की मुलगा रोज कोणाच्या हाताखाली असणार, त्या माणसाचे नाव तुम्हांस ठाऊक आहे काय, आणि नोंदवही कोण लिहिणार? बहुतेकांस हे प्रश्न आडवळणाचे वाटतात. एक गृहस्थ तर म्हणाले, “कारखान्यात जाऊन असे कसे विचारावयाचे? बरे दिसत नाही.” मुलीचे स्थळ पाहावयाचे असते तेव्हा ह्याच गृहस्थांनी मुलाच्या आत्याच्या सासरपर्यंत चौकशी केलेली मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी, २०२५ साली, मुलाची अखिल भारतीय परीक्षा झाली व तो उत्तीर्ण झाला. मिस्त्रींनी त्यास ठेवून घेतले आहे. किती दिवस, हे दोघांनीही ठरविलेले नाही. आता त्याच्या धाकट्या बहिणीने इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम पुरा करून शिकाऊ उमेदवारीसाठी अर्ज केला आहे. अर्जावर पालकाची सही भावजींनीच केली. कारखान्यात तिच्या विभागात शिकविणाऱ्या बाई कोण आहेत हे त्यांनी परस्पर विचारून ठेविले आहे, आणि सकाळच्या पाळीस वेळेवर पोचविणारी पहिली बस कोठून सुटते हे पाहावयास ते उद्या स्वतः स्थानकावर जाणार आहेत.